चंद्राची पाटी मंगळाला

गेल्या वर्षी माघ महिन्यात मला एक पोस्टकार्ड आले. हल्ली कार्ड येणे हीच एक नवलाई, म्हणून मी ते शाळेच्या व्हरांड्यातच उभ्याने वाचले. मजकूर चारच ओळींचा होता. "आपली दोन्ही पुस्तके तालुक्याहून मागवून वाचली. पहिले फार आवडले. दुसरे वाचताना मात्र पुढे काय घडणार ते मला आधीच कळत होते. वय झाले म्हणून असे होते की काय, ते कळवावे." खाली एका निवृत्त पोस्टमनांची सही होती.

त्यांचे वय झाले होते खरे, पण दोष वयाचा नव्हता. माझी एक कादंबरी काही केल्या खपेना, तेव्हा प्रकाशकांनी तिला नवे नाव दिले आणि नवे मुखपृष्ठ चढवले. आतली एक वेलांटीसुद्धा बदलली नव्हती. मला विचारले होते आणि मी 'बरं' म्हटले होते. मिळालेला चेकही मी निमूटपणे वटवला होता. म्हणजे या गृहस्थांनी पदरचे पैसे मोडून एकच पुस्तक दोनदा विकत घेतले होते आणि वर स्वतःच्याच डोक्याला दोष देत होते!

शिक्षकाची जातच अशी, की स्वतःची चूक सापडली म्हणजे आधी इतिहासात साथीदार शोधायचे. मीही शोधू लागलो. जुन्या मालावर नवी पाटी लावणारा मी काही पहिलाच नसणार! शोधता शोधता मी जाऊन पोहोचलो तो थेट अमेरिकेच्या जत्रेत. तिथे जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो. दिवाळीच्या फराळाबरोबर थोडी जत्राही झाली तर बिघडले कुठे?

१९०१ साली अमेरिकेतल्या बफलो शहरी मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात फ्रेडरिक थॉम्प्सन नावाच्या कल्पक माणसाने 'चंद्राची सहल' नावाचा खेळ उभा केला. पंख फडफडवणाऱ्या एका हवाई जहाजात लोकांनी बसायचे. जहाज जागचे हलत नसे, हलत ते भोवतालचे रंगवलेले पडदे. अंगावर वारा मात्र खरा येई. मग चंद्रावर 'उतरून' प्रेक्षक गुहेतून चालत जात. तिथे त्यांना बुटके चंद्रवासी भेटत आणि चंद्राच्या राजाचा दरबारही बघायला मिळे. या जहाजाचे नाव होते 'लूना', म्हणजे लॅटिन भाषेत चंद्र. पुढे हा खेळ न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर आला आणि १९०३ साली थॉम्प्सन व त्याचा भागीदार डंडी यांनी तिथे स्वतःचे उद्यान उघडले, ते 'लूना पार्क'. ते नाव इतके गाजले की देशोदेशी लूना पार्क निघाले. आज इटलीत किंवा तुर्कस्तानात कोणत्याही करमणूक-उद्यानाला सर्रास 'लूनापार्क' म्हणतात. तिथल्या पोरांच्या मनात चंद्र असो वा नसो, नाव चंद्राचेच!

याच कोनी आयलंडवर १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन नावाच्या दुसऱ्याच एका थॉम्प्सनने, पाच सेंट घेऊन, चढउतारांच्या रुळांवरून गाडी सोडली होती. आपल्याकडे शहरी मुले जिला 'रोलर कोस्टर' म्हणतात, तिची ही आजी. पण पणजी रशियातली. सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या हिवाळ्यात लाकडी मांडवावर बर्फाचा उतार करून लोक त्यावरून घसरत. ती गंमत पॅरिसला गेली, १८१७ साली तिला चाके लागली आणि फ्रेंच लोक तिला 'रशियन डोंगर' म्हणू लागले. अजूनही फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत तेच नाव चालते. मौज अशी की खुद्द रशियन लोक याच गाडीला 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात! पण या नावात लबाडी नाही. इथे वस्तू बदलत गेली आणि नाव मागे राहिले. बर्फ वितळले, लाकूड गेले, पोलाद आले, तरी फ्रेंच माणसाच्या तोंडी रशिया कायम आहे. घरातल्या नव्या स्टीलच्या भांड्यालाही आजी 'पितळी'च म्हणते, त्यातलाच हा प्रकार.

माझा गुन्हा याच्या उलटा होता. नाव बदलले आणि वस्तू तशीच राहिली. त्याचा जोडीदार मला सापडला तो डिस्नेलँडमध्ये.

वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम गावी आपले उद्यान उघडले. त्यात 'उद्याचा प्रदेश' नावाचा एक भाग होता. हे 'उद्या' कोणते, तर १९८६ साल, हॅलेचा धूमकेतू परत यायचे वर्ष. त्या भागात 'चंद्राकडे रॉकेट' नावाचा खेळ सुरू झाला. बाहेर उंच रॉकेट उभे होते. आत वर्तुळाकार नाट्यगृह, मध्यभागी एक पडदा जमिनीत आणि दुसरा छताला. खालच्या पडद्यावर पृथ्वी दूर जाताना दिसे, वरच्यावर आकाश जवळ येई. या कल्पनेमागे अभ्यास होता. व्हर्नर फॉन ब्राउनसारखा रॉकेटशास्त्रज्ञ त्यात सल्लागार होता. लक्षात घ्या, रशियाचा पहिला स्पुतनिक आकाशात जायला तेव्हा अजून दोन वर्षे होती. त्या खुर्चीत बसलेल्या पोराला जे दिसत होते, ते जगात कुणीच पाहिलेले नव्हते.

१९६७ साली हा खेळ पुन्हा बांधला गेला आणि त्याचे नाव 'चंद्राकडे उड्डाण' झाले. हा बदल खरा होता. आपल्या गणेशोत्सवात हलते देखावे असतात, तसे बोलणारे-हलणारे पुतळे नियंत्रण-कक्षात बसवले. उड्डाणाच्या वेळी आपण जड झालो, मग हलके झालो, असे वाटावे म्हणून खुर्च्याही खालीवर होऊ लागल्या. कक्षाच्या प्रमुखाचे नाव होते मिस्टर टॉम मॉरो. इंग्रजीत भरभर म्हटले की ते 'टुमॉरो', म्हणजे 'उद्या' होते. आणि त्यात एक विनोद होता. कक्षात एकदम धोक्याची सूचना वाजे, सगळे सावध होत आणि पडद्यावर दिसे काय, तर धडपडत जमिनीवर उतरणारा एक बावळट समुद्रपक्षी.

पण दोनच वर्षांत, जुलै १९६९ मध्ये, माणूस खरोखरच चंद्रावर उतरला. 'उद्या' सतरा वर्षे आधीच उजाडला! डिस्नेच्या माणसांनी तरीही १९७१ च्या डिसेंबरात फ्लॉरिडातल्या नव्या उद्यानात हाच चंद्राचा खेळ उघडला. जे घरोघर दूरदर्शन-संचावर खरे पाहून झाले, ते तिकीट काढून खोटे पाहायला कोण येणार? शेवटी १९७५ साली, मार्चमध्ये कॅलिफोर्नियात आणि जूनमध्ये फ्लॉरिडात, पाटी बदलली. नवे नाव 'मंगळाची मोहीम'.

बदलले काय? पडद्यावरचे चित्र बदलले. चंद्राच्या जागी मंगळ आला. नाट्यगृह तेच, खुर्च्या त्याच, पुतळे तेच. तो धडपडणारा पक्षीसुद्धा तोच, चंद्रावर जाताना आडवा येई तसाच मंगळावर जातानाही येई. मिस्टर मॉरो मात्र आता मिस्टर जॉन्सन झाले. पुतळा तोच, नाव तेवढे नवे! ज्याच्या नावातच 'उद्या' होता, त्याचे नाव काढून आपल्याकडच्या जोशी-पाटलांइतके सर्रास नाव त्याला दिले, यात कुणाला काही खटकले नसावे. मला मात्र हा प्रसंग वाचून उगाच वाईट वाटले.

लोक फसले का? काही काळ फसले असतील, काही हसले असतील. पण दरवर्षी त्याच खुर्चीत बसणाऱ्या मुलाला ती खुर्ची ओळखता येत नाही, असे मानणे हा मुलांचा अपमान आहे. बरे, मंगळही दूर राहिला नाही. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ हे यान तिथे उतरले आणि त्याने तांबड्या दगडधोंड्यांची चित्रे धाडली. हळूहळू खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. १९९२ साली कॅलिफोर्नियातला खेळ बंद झाला, पुढच्या वर्षी फ्लॉरिडातला. कॅलिफोर्नियातल्या त्या जागी १९९८ साली पिझ्झाचे उपाहारगृह निघाले, आणि २०१८ साली त्या उपाहारगृहाचेही नाव बदलले. पिझ्झा मात्र अजूनही मिळतोच.

हा इतिहास वाचल्यावर माझ्या मनाला वाटले, की चूक नाव बदलण्यात तेवढी नव्हती. चूक होती चंद्र जुना झाला असे समजण्यात. जुना झाला होता तो त्यांचा खेळ. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आमच्या शाळेत चांद्रयान-३ उतरताना दाखवले. पडद्यावर खरे म्हणजे आकडे आणि रेघाच होत्या. रॉकेट नाही, हलणारी खुर्ची नाही. पण ऐंशी पोरे श्वास रोखून बसली होती, आणि यान उतरले तेव्हा पत्रे हादरले. सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, १९७२ नंतर माणूस तिथं परत का नाही उतरला?" मी पैसा, राजकारण वगैरे कारणे सांगितली. तिला ती पटली नाहीत. "मग आम्ही जाऊ की," म्हणाली. तिच्यापुढे चंद्र कोराच होता.

माझी कादंबरीही जुनी नव्हती, फक्त खपली नव्हती. तिला तिच्या नावानिशी उभे राहू द्यायला हवे होते. मी त्या पोस्टमन-काकांना सविस्तर पत्र लिहिले, घडले ते सांगितले, क्षमा मागितली आणि सोबत माझे दुसरे, खरोखरच दुसरे, पुस्तक पाठवले.

पंधरा दिवसांनी त्यांचे कार्ड आले. "डोके शाबूत असल्याचे कळून आनंद झाला. जादा प्रत गावच्या वाचनालयाला दिली आहे. आयुष्यभर चुकीचे पत्ते दुरुस्त करीत आलो, त्या सवयीने मुखपृष्ठावरचे नाव खोडून मूळचे नाव ठळक अक्षरात लिहिले आहे. राग नसावा."

राग कसला? पुढच्या आवृत्तीला तेच नाव द्यावे, असे मी प्रकाशकांना कळवले आहे.