मामाला दिलेली लेक

वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ हे १६५६चं चित्र बहुतेक वाचकांनी निदान छापील स्वरूपात पाहिलेलं असेल. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या, भोवती मानकरणी, जमिनीवर पहुडलेला कुत्रा, आणि मागच्या आरशात धूसर दिसणारे तिचे आईवडील. या चित्रातल्या आरशावर कलासमीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला कुतूहल आहे ते आरशातल्या त्या जोडप्याच्या नात्याचं.

इंग्रजी इतिहासग्रंथांत ही नाती कळता कळत नाहीत. तिथे सगळेच ‘कझिन’ आणि सगळेच ‘अंकल’. मी हॅब्सबर्ग घराण्याची वंशावळ कागदावर मराठी नात्यांनी मांडून पाहिली, तेव्हा कुठे गुंता दिसू लागला. राजा फिलिप चौथा आणि राणी मारियाना हे मामा-भाची. मारियाना ही फिलिपच्या सख्ख्या बहिणीची, व्हिएन्नात दिलेल्या मारिया आनाची मुलगी. तिचं लग्न खरं तर फिलिपच्या मुलाशी, बाल्तासार कार्लोसशी ठरलं होतं. तो १६४६ साली वारला. गादीला वारस उरला नाही, तेव्हा १६४९मध्ये चौवेचाळीस वर्षांच्या बापानेच मुलाच्या वाग्दत्त वधूशी लग्न केलं. ती चौदा वर्षांची होती. चित्रातली मुलगी, मार्गारिता तेरेसा, ही या लग्नाची पहिली संतती. म्हणजे मारियाना ही तिची आई, आणि आतेबहीणही.

मामा-भाचीच्या लग्नाचं आपल्याला फार नवल वाटू नये. कर्नाटकापासून खाली ते रूढच आहे, आणि मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत होती. इरावती कर्वे यांनी या नात्यांचा नकाशाच मांडून ठेवला आहे. पण त्या रूढीला नियम होते आणि घरंही पुष्कळ होती. हॅब्सबर्गांना कॅथलिक धर्मनियमाप्रमाणे असं लग्न निषिद्धच होतं. दर वेळी पोपची खास परवानगी आणावी लागे आणि ती मिळे. शिवाय घरं दोनच, माद्रिद आणि व्हिएन्ना. फिलिप दुसऱ्यानेही १५७०मध्ये बहिणीचीच मुलगी केली होती.

हे सारं अडाणीपणातून झालं असं मला वाटत नाही. या घराण्याला स्पेन मिळाला होता तोच मुळी लग्नातून. १४९६ साली हॅब्सबर्ग फिलिपने स्पेनच्या हुआनाशी लग्न केलं, तिची भावंडं मरत गेली, आणि राज्य तिच्या मुलाकडे आलं. जे लेकीच्या पावलांनी आलं ते लेकीच्याच पावलांनी जाऊ शकतं, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून लेक घरातच द्यायची.

बाहेर दिली तर काय होतं याचं उदाहरण मार्गारिताच्या सावत्र बहिणीचं. १६१५ साली बिदासोआ नदीवर फ्रान्स आणि स्पेनच्या राजकन्यांची अदलाबदल झाली होती. त्याला आपल्याकडे साटंलोटं म्हणतात. त्या साट्यालोट्यातून मारिया तेरेसा आणि फ्रान्सचा लुई चौदावा अशी दोन मुलं जन्मली. तो तिचा मामेभाऊही आणि आतेभाऊही. १६६०मध्ये त्यांचं लग्न झालं. स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडल्याचं तिने लिहून दिलं, त्याबदल्यात पाच लाख सुवर्ण एस्कुदोंचा हुंडा ठरला. कंगाल झालेल्या स्पेनला तो देता आला नाही. हुंडा नाही तर हक्कसोडही नाही, असं म्हणायला फ्रेंच मोकळे झाले.

मार्गारिता मात्र आईच्या सख्ख्या भावाला, सम्राट लिओपोल्डला दिली गेली. तो तिचा मामा, आणि आत्याचा मुलगा म्हणून आतेभाऊही. ती वाढते कशी हे व्हिएन्नाला कळावं म्हणून तिची चित्रं तिकडे धाडली जात: गुलाबी पोशाखातली, पांढऱ्या, मग निळ्या. ती आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. तिथेच तिच्या धाकट्या भावाचं, फेलिपे प्रोस्पेरोचं १६५९चं चित्र आहे. दोनेक वर्षांचं फिकट पोर, आणि त्याच्या झग्यावर दृष्ट लागू नये म्हणून लटकवलेले ताईत, घुंगूर. राजपुत्राच्या अंगावरचे ते ताईत मला त्या दरबाराच्या कुठल्याही दस्तऐवजापेक्षा बोलके वाटतात. १ नोव्हेंबर १६६१ला तो गेला. पाच दिवसांनी कार्लोस जन्मला, तोच शेवटचा.

पंधराव्या वर्षी, डिसेंबर १६६६मध्ये, मार्गारिता व्हिएन्नात सम्राज्ञी झाली. ती नवऱ्याला लग्नानंतरही ‘मामा’ अशाच अर्थाने हाक मारी असं सांगतात. तो तिला ‘ग्रेटल’ म्हणे. दोघांनाही संगीताचं वेड होतं, आणि संसार प्रेमाचा होता असंच दिसतं. तिला केवळ बळी ठरवणंही मात्र सोपं नाही. १६७०मध्ये लिओपोल्डने व्हिएन्नातून ज्यूंना हाकललं, त्यामागे तिचाही आग्रह असल्याचं इतिहासकार लिहितात. सहा वर्षांत चार बाळंतपणं झाली, जगली एकच मुलगी. मार्च १६७३मध्ये पुन्हा गरोदर असताना ती वारली. वय एकवीस.

ती जगलेली मुलगी म्हणजे मारिया आंतोनिया. तिच्या बापाचा बाप फर्डिनंड तिसरा हा तिचा आजोबा, आणि आईच्या आईचा बाप म्हणून पणजोबाही. आनुवंशिकीचे अभ्यासक रक्तसंबंधाचा गुणांक काढतात. सख्ख्या भावाबहिणीच्या अपत्याचा तो ०.२५ येतो. २००९च्या एका अभ्यासात कार्लोसचा ०.२५४ निघाला, या भाचीचा तर सुमारे ०.३०. त्याच अभ्यासानुसार १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघराण्यात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १७ दहा वर्षांच्या आत दगावली.

कार्लोसला दोन लग्नं करूनही मूल झालं नाही. मारिया आंतोनियाने मुलाला जन्म दिला आणि दोन महिन्यांत, १६९२च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती गेली. तो मुलगा, योसेफ फर्डिनंड, कार्लोसने वारस नेमला. १६९९मध्ये सहाव्या वर्षी तोही वारला. १ नोव्हेंबर १७००ला कार्लोसने डोळे मिटले तेव्हा मृत्युपत्रात नाव होतं ते मारिया तेरेसाच्या नातवाचं, बाहेर दिलेल्या लेकीच्या वंशाचं. त्यावरून युरोप चौदा वर्षं लढला. स्पेनच्या गादीवर आजही बूर्बाँ राजाच आहे.