शाळकरी मुलांच्या डोक्यातील उवा : उपचारपरंपरेचा इतिहास आणि अंबडसारख्या औद्योगिक वस्तीतील प्रश्न

प्रस्तावना :

रोगराईच्या इतिहासात प्लेग, देवी, पटकी यांना मानाचे स्थान मिळाले; उवांना मात्र कोणी इतिहास दिला नाही. त्यांच्यामुळे माणूस मरत नाही, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, हा विषय घरातील स्त्रियांच्या हातचा होता आणि तो दप्तरांत नोंदला गेला नाही. नाशिक शहरालगतचे अंबड हे मूळचे गाव. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पुढे तेथे उभी राहिली आणि कामगारांच्या वस्तीने त्याचे रूप पालटले. अशा वस्तीतील शाळकरी मुलांच्या संदर्भात या उपचारपरंपरेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उवांचा प्रश्न स्वच्छतेपेक्षा वेळेचा अधिक आहे, असे ही परंपरा पाहता दिसते.

ग्रंथांतील आणि घरातील ऊ :

संस्कृत ग्रंथांत यूका आणि लिक्षा हे शब्द वारंवार येतात. कौटिलीय अर्थशास्त्रात तर ती मापे आहेत : आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचे एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल. ज्या समाजात लीख हे लांबीचे माप होऊ शकते, तेथे ती प्रत्येकाने पाहिलेली असणार, हे उघड आहे. वाग्भटाने उवांची तुलना तिळाशी केली असून केस आणि वस्त्र ही त्यांची आश्रयस्थाने सांगितली आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातवा अध्याय येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कृमींच्या चिकित्सेचा क्रम चरकाने अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असा लावला आहे. प्रथम कृमी ओढून काढावेत, हाताने किंवा उपकरणाने, औषध त्यानंतर. मराठी घरातील फणी हे तेच उपकरण होय. कंगवा भांग पाडण्यासाठी, तर दोन्ही बाजूंना बारीक दाते असलेली फणी उवा-लिखा काढण्यासाठी, हा भेद मराठीने जपला आहे. दुपारची जेवणे उरकल्यावर ओसरीवर आजीने नातीचे डोके मांडीवर घेऊन बसणे हा चिकित्सेचाच एक प्रकार होता, जरी कोणी त्याला ते नाव दिले नाही.

घरगुती औषधांविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. सीताफळाच्या बियांची पूड हा ‘प्राचीन’ उपाय मानला जातो; परंतु हे झाड मूळचे अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकाच्या सुमारास पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आले, असे सामान्यतः मानले जाते. या पुडीने डोळ्याच्या बुबुळास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. रॉकेलचा प्रयोग तर सरळ धोक्याचा आहे.

विसाव्या शतकातील वळण :

१९४३-४४ मध्ये इटलीतील नेपल्स शहरात डीडीटीची पूड फवारून टायफसची साथ आटोक्यात आणली गेली आणि १९४८ मध्ये पॉल म्युलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या साथीचे कारण अंगावरची, कपड्यांत राहणारी ऊ होती, डोक्यातली नव्हे. तरीही कीटकनाशकावरचा विश्वास डोक्यापर्यंत पोहोचला. पुढे लिंडेन आले. २००९ मध्ये स्टॉकहोम करारान्वये त्यावर निर्बंध आले, तेव्हा उवा व खरूज यांवरील औषधापुरती मुदतीची सवलत ठेवण्यात आली होती. परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा आता अनेक देशांत आढळल्या आहेत. औषधे बदलत गेली, फणी टिकली.

शाळा आणि वस्ती :

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत तीस विकार होते. त्वचाविकारांत खरूज, बुरशीसंसर्ग आणि इसब यांचा समावेश झाला, उवांचा नाही. हा प्रश्न अशा रीतीने पुन्हा घरावरच राहिला. औद्योगिक वस्तीत हे घर पुष्कळदा एका खोलीचे असते. आई-वडील पाळीने कामावर जातात, आजी गावी राहिलेली असते आणि ओसरीवरची ती दुपार कोणालाच मिळत नाही. शाळेत मात्र दोष मुलीच्या स्वच्छतेला दिला जातो. वस्तुतः ऊ स्वच्छ केसांतही तितकीच सुखाने राहते. ती उडत नाही, उडी मारत नाही; डोक्याला डोके लागले की चालत जाते. शाळेत तिचा शोध लागेपर्यंत ती बहुधा कित्येक आठवडे डोक्यात असते, म्हणून मुलीला त्याच दिवशी घरी पाठवून फारसे काही साधत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशा बहिष्काराविरुद्ध मत दिले आहे. वेणी कापून टाकण्याची शिक्षा तर त्याहून कठोर, आणि ती जवळजवळ नेहमी मुलीच्याच वाट्याला येते.

लीख फुटण्यास सात ते दहा दिवस लागतात. म्हणून औषध लावले तरी ओल्या केसांतून फणी दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे फिरवावी लागते. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसून पाहावी लागते. चरकाचे तिसरे पद, निदानपरिवर्जन, येथे सर्वांत अवघड होते. एकाच सतरंजीवर झोपणाऱ्या तीन भावंडांपैकी एकीचेच डोके विंचरले, तर पंधरवड्याच्या आत ती पुन्हा फणीखाली येते.