मॅन पेजचे रंग आणि टाइपरायटरची बॅकस्पेस

आजचा विषय आहे टर्मिनलमधलं मॅन पेज रंगीत कसं करायचं. सेटिंग दोन ओळींचं आहे, पण ते का चालतं, याची गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे.

आमच्या वाशिमकडे ज्यांनी जुन्या मशीनवर टायपिंगचा क्लास केलाय, त्यांना ही युक्ती ठाऊक असेल. मथळा अधोरेखित करायचा? मागे या आणि खाली रेघ मारा. ठळक करायचाय? मागे या आणि तेच अक्षर पुन्हा ठोका.

युनिक्सनंही नेमकं हेच केलं. ३ नोव्हेंबर १९७१ ला बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं पहिलं मॅन्युअल आलं. तेव्हा टर्मिनल म्हणजे स्क्रीन नव्हे, कागदावर छापणारं टेलिटाइप. जो ओसाना यांचा 'एनरॉफ' हा प्रोग्रॅम ठळक अक्षरासाठी 'अक्षर, बॅकस्पेस, तेच अक्षर' असं पाठवायचा. अधोरेखित करायला 'अंडरस्कोर, बॅकस्पेस, अक्षर'.

पुढे कागद गेला, स्क्रीन आली. पण ती भाषा टिकली. १९८० च्या दशकात मार्क नुडेलमन यांनी 'लेस' लिहिला. तो ही बॅकस्पेसची जोडी ओळखतो आणि त्या जागी ठळक अक्षर दाखवतो. आपण फक्त त्याला सांगायचं, की ठळकच्या जोडीला रंगही दे.

त्यासाठी 'मॅनपेजर' या व्हेरिएबलमध्ये लेस लिहा आणि 'यूज-कलर' हा पर्याय द्या. मग कॅपिटल डीच्या पर्यायात छोटा डी म्हणजे ठळक, छोटा यू म्हणजे अधोरेखित. पुढे रंगाचं अक्षर, आर म्हणजे लाल, बी म्हणजे निळा. ओळी फार लांब जात असतील तर 'मॅनविड्थ' ८० करा.

आता खरी अडचण. २०२३ च्या जुलैमध्ये 'ग्रॉफ' १.२३ आलं आणि नंतर बऱ्याच डिस्ट्रोंवर लोकांचे रंग अचानक गायब झाले. सेटिंग तेच होतं, मग झालं काय? ग्रॉफ आता बॅकस्पेसऐवजी थेट एस्केप कोड पाठवू लागलं होतं. लेसला ओळखीची जोडीच दिसेना! उपाय एवढाच, की 'मॅनरॉफऑप्ट' मध्ये 'वजा सी' लिहा. म्हणजे ग्रॉफ पुन्हा जुन्या टाइपरायटरसारखं वागतं.

सेटिंग नुसतं कॉपी केलं असेल, तर ते बिघडल्यावर आपण हतबल होतो. मागचं कारण कळलं असेल, तर रेंज नसतानाही दुरुस्त करता येतं. मॅन पेज तर मशीनवरच असतं, त्याला नेट लागत नाही. आज एकदा 'मॅन मॅन' टाइप करून बघाच. भेटूया पुढच्या भागात!