ऑक्सिडीभवनरोध : एका संज्ञेचा आणि एका पापुद्र्याचा इतिहास

पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात तिसगाव हे गाव आहे. तेथील एका लोहाराच्या भट्टीपाशी प्रस्तुत लेखक काही काळ बसला होता. लाल झालेला फाळ ऐरणीवर आला, की घणाच्या प्रत्येक घावासरशी त्यावरून काळे पापुद्रे गळून पडत. फाळ पुन्हा तापे, पुन्हा पापुद्रे गळत. हे पापुद्रे म्हणजे बाहेरून बसलेली धूळ नव्हे. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावलेले लोखंडच होय. प्रत्येक तापणीला धातूचा काही अंश असा खर्ची पडतो. उच्चतापसह उच्च-एंट्रॉपी मिश्रधातूंपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो मुळात हाच आहे. शब्दांच्या साहाय्याने त्याचा इतिहास तपासणे, हा या टिपणाचा हेतू होय.

या क्रियेच्या फलांना मराठीने निरनिराळी नावे दिली आहेत. ओलसर हवेत लोखंडावर चढतो तो गंज. तांब्यापितळेला लागतो तो कळंक, व त्याच्या संसर्गाने आंबट पदार्थ ‘कळकतो’. ‘कीट’ हा शब्द संस्कृत ‘किट्ट’ पासून आला असून, रसशास्त्रातील मंडूर म्हणजे जुने लोहकिट्टच होय. या सर्व शब्दांत एक गृहीत समान आहे : धातूवर जे चढते ते दोषरूपच असते. कलंक तर चारित्र्यालाही लागतो.

दोष मानला म्हणजे तो बाहेरून झाकणे हा उपाय ओघानेच येतो. अरबीतील कथिलवाचक शब्दापासून आलेली ‘कल्हई’ हे त्याचे घरोघरचे उदाहरण. परंतु कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, असा दंडक आहे. बाहेरून दिलेले आवरण निघाले, की आतील धातू उघडी पडते आणि स्वतः होऊन पुन्हा झाकली जात नाही.

दुसरा मार्ग धातूची घडणच बदलण्याचा. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी याने ओतली. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ आज विजापुरास आहे. तांबे व कथील यांच्या या मिश्रधातूवर जी पातळ साय धरते, ती लोखंडाच्या गंजाप्रमाणे खपल्यांनी सुटत नाही. धातूला चिकटून राहते. ही साक्ष उघड्या हवेपुरतीच आहे, भट्टीतील तापासाठी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

या भेदाला शास्त्रीय रूप मिळाले ते विसाव्या शतकात. पिलिंग व बेडवर्थ यांनी १९२३ साली ऑक्साइडाचे घनफळ आणि त्यासाठी खर्ची पडलेल्या धातूचे घनफळ यांचे गुणोत्तर मांडले. ते एकाहून कमी असल्यास आवरण अपुरे पडते. फार अधिक असल्यास ते ताणाने फुटते. ॲल्युमिनियमचे गुणोत्तर सुमारे १.३, तर नायोबियमचे सुमारे २.७ आहे.

२००४ साली तैवानमध्ये ये व ब्रिटनमध्ये कँटर यांनी अनेक मूलद्रव्ये जवळजवळ समप्रमाणात घेतलेल्या मिश्रधातू स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे, तर पोलाद हा तत्पुरुष आहे. त्यात लोखंड प्रधान. नवी मिश्रधातू हा द्वंद्व होय. त्यात सर्व पदे प्रधान. २०१० साली सेनकोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटलम आणि टंगस्टन यांचा असा द्वंद्व सिद्ध केला. निकेल १४५५ अंशांना वितळते. या मिश्रधातूने १६०० अंशांनाही बरेच बळ राखले.

परंतु बळ राहिले, तरी कातडी टिकेना. मॉलिब्डेनमचे ऑक्साइड ७९५ अंशांना वितळते आणि वाफ होऊन उडून जाते. नायोबियमचे फुगून भेगाळते. म्हणून अशा मिश्रधातूंत क्रोमियम, ॲल्युमिनियम व टायटॅनियम घालून पाहण्यात आले. जर्मनीत गोर व सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या, टँटलम, मॉलिब्डेनम, क्रोमियम, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम या पाच घटकांच्या मिश्रधातूवर १००० अंशांच्या सुमारास क्रोमियम व टँटलम यांचे संयुक्त ऑक्साइड तयार होते. ते दाट असते, टिकते आणि पुढील झीज मंदावते. मात्र अशा भरीने मिश्रधातू सामान्य तापमानाला ठिसूळ होण्याचा धोका असतो. तेव्हा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही.

येथे परिभाषाकारांचे काम सुरू होते. ‘ऑक्सिडीभवनरोध’ ही संज्ञा ऐकून विद्यार्थी समजतो, की धातू ऑक्सिजनला नकार देते. वस्तुतः ती प्रथम त्याचा स्वीकार करते, आणि त्या स्वीकारातून जे आवरण तयार होते तेच पुढची वाट अडवते. रोध धातूचा नसून पापुद्र्याचा आहे. संज्ञा रूढ आहे, ती बदलावी असा आमचा आग्रह नाही. परंतु अध्यापकाने ती शिकवताना हा भेद सांगितलाच पाहिजे. एरवी विद्यार्थी ऑक्सिडीभवन न होणारी धातू शोधत बसेल. शोधायची आहे ती तिसगावच्या ऐरणीवर गळून न पडणारी खपली. आपल्या भाषेने तिला आजवर कलंकच मानले, आणि तिच्या गुणासाठी नाव ठेवले नाही.