तेवीस सामने, सहा विजय : १९११ चा पहिला मोसम

आज थोडा इतिहास आणि थोडी घरची गोष्ट.

आमच्या गावच्या क्लबाने यंदा पहिल्यांदा अकरा वर्षांखालच्या मुलामुलींचा संघ लीगमध्ये उतरवला. मी त्या संघाचा मदतनीस प्रशिक्षक. मदतनीस म्हणजे गाडीतून स्टंप आणणं, बुटांच्या नाड्या बांधणं आणि धावफलक लिहिणं. गेल्या आठवड्यात मोसम संपला आणि क्लबाच्या समितीने माझ्याकडे एका पानाचा अहवाल मागितला. त्यात दोनच प्रश्न आहेत. मुलांची प्रगती काय झाली? आणि पुढच्या वर्षी कर्णधार कोण?

मी आयटीतला माणूस, त्यात एमबीए. लगेच एक्सेल उघडलं. दहा सामने, सात पराभव, तीन विजय. पण लाल-हिरवे रंग भरून झाले तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही मिळेना. तेव्हा मला एक दुसरा संघ आठवला. त्यांचाही पहिला मोसम याच देशात झाला होता, ११० हून अधिक वर्षांपूर्वी. त्यांचा तक्ता तर आमच्यापेक्षाही वाईट दिसतो.

त्यांच्या आधी मुंबईचे पारशी खेळाडू इथे येऊन गेले होते. १८८६ साली ते २८ सामने खेळले आणि त्यातला एकच जिंकले. लॉर्ड्सवर त्यांच्यासमोर साक्षात डब्ल्यू. जी. ग्रेस होते. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, पारशी पुन्हा आले. या खेपेला ३१ सामन्यांत आठ विजय मिळाले आणि मेहेलाशा पावरी यांनी एकट्याने १७० बळी घेतले. पहिल्या दौऱ्यातला एक विजय दुसऱ्या दौऱ्यात आठांवर गेला. पण तो एका समाजाचा संघ होता. 'भारत' या नावाचा संघ अजून कुणी पाहिला नव्हता.

तो उभा करायलाही बरीच वर्षं लागली. आधीचे प्रयत्न कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यायचे या वादात फसले. शेवटी १९११ च्या मे महिन्यात पारशी, हिंदू, मुस्लिम खेळाडू एका बोटीने निघाले. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षं १९. त्याच उन्हाळ्यात, २२ जूनला, लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराजांना मेजवान्या, भेटीगाठी सांभाळायच्या होत्या, त्यामुळे ते स्वतः फार थोडे सामने खेळले. केखश्रू मिस्त्री हे संघातले अव्वल फलंदाज महाराजांच्याच पदरी नोकरीला होते. त्यामुळे तेही बहुतेक वेळ महाराजांबरोबर. म्हणजे पहिल्याच मोसमात कर्णधार गैरहजर आणि हुकमी फलंदाजही गैरहजर! आपल्याकडे नव्या प्रोजेक्टची सुरुवात अशी झाली तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

जूनच्या पहिल्या दिवशी ऑक्सफर्ड विद्यापीठाशी सामना सुरू झाला आणि हरले. मग लॉर्ड्सवर एमसीसीकडून डावाने हरले. केंब्रिजविरुद्ध बाळू पालवणकर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले, तरीही हरले. सामने सलग, मधे प्रवास, खेळपट्ट्या अनोळखी. शिवाय या लोकांनी आजवर एकमेकांविरुद्धच खेळलेलं. हिंदू जिमखान्याचा गोलंदाज आणि पारशी संघाचा क्षेत्ररक्षक एकाच बाजूला कसे उभे राहतात, हे शिकायला सरावाचे चार सामनेही मिळाले नव्हते. जून संपला, जुलै अर्ध्यावर आला, तरी विजयाच्या रकान्यात शून्यच.

जुलैच्या मध्यात संघ लेस्टरला आला. मी लेस्टरशायरमध्येच राहतो, म्हणून हा भाग जरा जास्त जिव्हाळ्याने सांगतो. सामना आजच्या ग्रेस रोडवर झाला नव्हता, त्या काळी काउंटी आयलस्टोन रोडच्या मैदानावर खेळायची. डॉक्टर होर्मसजी कांगा यांनी १६३ धावा काढल्या. बाळूंनी दोन्ही डाव मिळून ११ बळी घेतले आणि सात गडी राखून भारतीय संघाने इंग्लिश काउंटीला हरवलं. 'भारतीय' म्हणवणाऱ्या संघाचा हा इथला पहिला विजय.

लागोपाठ टाँटनला सॉमरसेटशी गाठ पडली. चौथ्या डावात मोठा पाठलाग होता. बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या आणि भारतीय एका गड्याने जिंकले. एका गड्याने म्हणजे शेवटची जोडी मैदानात असताना. ज्या संघाला महिनाभर सामना हातात कसा ठेवायचा हे कळत नव्हतं, त्यानेच हा जिंकला.

सप्टेंबरमध्ये हिशेब लागला : २३ सामने, सहा विजय, १५ पराभव, दोन अनिर्णित. त्यातल्या १४ प्रथम श्रेणी सामन्यांत विजय दोनच. पण एकूण बेरजेऐवजी तारखा पाहिल्या की चित्र बदलतं. सहाच्या सहा विजय उत्तरार्धातले आहेत. हे ध्यानात आल्यावर मी माझं एक्सेल तारखेप्रमाणे लावलं. आमचे तिन्ही विजय जुलैमधले निघाले.

इथवर गोष्ट गोड आहे. अहवाल इथेच संपवला असता तर समितीही खूष झाली असती. पण त्या संघाच्या आकड्यांत आणखी एक आकडा आहे आणि त्याने मला अडवलं. पूर्ण दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्याही आत. सगळा मोसम या एका माणसाच्या खांद्यावर गेला होता. तेव्हा ते पस्तिशीत होते. तो माणूस कोण होता, हे पाहायला जरा मागे, पुण्याला जावं लागतं.

बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७६ चा, चांभार कुटुंबातला. वडील लष्करात. पुण्यात वाढलेल्या या मुलाला १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या जिमखान्यात नोकरी मिळाली. पगार महिना चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी उभारायची आणि मग साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. जे. जी. ग्रेग हे तिथले नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. तासन्‌तास गोलंदाजी करून घेतली, पण बाळूंच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. मुंबईला गेल्यावर चित्र थोडं बदललं. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात ते इतरांबरोबर जेवतही. तेवढी गोष्टसुद्धा त्या काळच्या 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने मुद्दाम नोंदवून ठेवली.

पण कर्णधारपद? संघातला सगळ्यात अनुभवी, सगळ्यात जास्त सामने जिंकून देणारा माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली खेळला. १९११ नंतर मुंबईत बाळूंचा सत्कार झाला, नाव झालं, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना पूर्णपणे कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये धाकट्या विठ्ठलला डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. पुढे समेट झाला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

मंडळी, हे वाचताना मला आमच्या संघातली एक मुलगी आठवत होती. नाव सांगत नाही. दर शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी येते आणि न सांगता माझ्याबरोबर जाळी ओढते. सरावात सगळ्या मुलांना तीच गोलंदाजी करते, कारण तिचा चेंडू सरळ पडतो आणि ती कंटाळत नाही. माझ्या तक्त्यात सर्वांत जास्त बळी तिचेच आहेत. मग मी दुसरा रकाना पाहिला : फलंदाजीचा क्रम. दहापैकी आठ सामन्यांत मी तिला शेवटी पाठवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कसला नियम नव्हता. यादी मीच लिहीत होतो. ती कधी बोलली नाही, म्हणून मलाही कधी विचार करावासा वाटला नाही.

पुण्याच्या जिमखान्यात बाळूंशी जे झालं ते जातीच्या भिंतीमुळे. आमच्याकडे झाली ती माझी बेफिकिरी. दोन्ही एका मापाने मोजणं हा त्या माणसाने सोसलेल्याचा अपमान होईल. पण गोलंदाजी करून घ्यायची आणि बॅट द्यायची नाही, ही सवय किती सहज लागते, हे मला त्यांच्या गोष्टीने दाखवलं.

१९११ च्या त्या मोसमातून पुढे काय निघालं? एकवीस वर्षांनी, २५ जून १९३२ ला, लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधार सी. के. नायडू होते. भारताचा संघ म्हणजे काय, हे तोवर कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. लेस्टरला १६३ धावा काढणाऱ्या डॉक्टर कांगांच्या नावाने १९४८ मध्ये मुंबईत पावसाळी कांगा लीग सुरू झाली. ओल्या खेळपट्टीवर कसं खेळायचं हे मुंबईची पोरं आजही तिथेच शिकतात. बाळूंनी निवडणूकही लढवली. १९३७ मध्ये ते डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. १९५५ मध्ये ते गेले.

तर माझा अहवाल काल रात्री पाठवला. पहिल्या प्रश्नाखाली तिन्ही विजयांच्या तारखा लिहिल्या. त्याखाली फलंदाजीच्या क्रमाचा रकानाही जोडला आणि चूक माझी आहे हे लिहिलं. पुढच्या मोसमात प्रत्येक मुलाला निदान दोनदा पहिल्या चारांत पाठवायचं, अशी सूचना केली. आणि दुसऱ्या प्रश्नापुढे त्या मुलीचं नाव लिहिलं. समितीची बैठक मंगळवारी आहे. एक-दोघांना आपला मुलगा कर्णधार व्हावा असं वाटतंय, तेव्हा चर्चा होणारच. मी बाळूंचे आकडे छापून बरोबर नेणार आहे.

काय ठरलं ते पुढच्या वेळी सांगतो. तुमच्या गावात मुलांचा संघ असेल, तर एकदा त्याचा धावफलक शेवटच्या नावापासून वरपर्यंत वाचून पाहा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.