जुन्या वस्तूचे मोल

पुण्याच्या जुन्या बाजारात माझ्या मामूंचे दुकान होते. दुकान कसले, जमिनीवर अंथरलेले पोते! दर बुधवारी आणि रविवारी ते त्यावर अडकित्ते, समया, कुलपे, नाणी मांडून बसत. १९७० च्या सुमारास त्यांनी हा धंदा सुरू केला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो किंमत सांगायची किती?

वस्तू जितकी जुनी तितकी महाग, असा आपला समज असतो. पण शिवाजी महाराजांची नाणी पाहा. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आज अतिदुर्मीळ आहे. तांब्याची शिवराई मात्र पुढे पेशवाईतही पाडली गेली, इंग्रजी अमलातही चालली. म्हणून साधी शिवराई आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. भाव वयाला नसतो, दुर्मिळतेला असतो. मामूंनी तर सगळ्या शिवराया चिंचेने घासून लखलखीत केल्या. जाणकार गिऱ्हाईक हळहळले, “अहो, निम्मी किंमत धुऊन टाकलीत!”

पुढे १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून अमलात आला. १०० वर्षांपूर्वीच्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागू लागला. मामूंनी जुनी नाणी ठेवणे सोडले.

कायदा वस्तू सांभाळतो, भाव ठरवत नाही. तो माणसाच्या नजरेत असतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर १९२० च्या सुमारापासून घरगुती वापरातल्या जुन्या वस्तू जमवत होते. इतरांच्या लेखी त्यांतले बरेच काही अडगळच होते. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. आज लोक तिकीट काढून तेच अडकित्ते पाहतात.

एका रविवारी एक आजी नक्षीचे पितळी पानदान घेऊन आल्या. म्हणाल्या, “मोडीच्या भावाने काय येतील ते द्या, बाबा.” मामूंनी ते हातात फिरवून पाहिले. “आजी, हे वजनावर देऊ नका. याची कारागिरी वेगळी आहे,” म्हणाले आणि मोडीच्या तिप्पट पैसे दिले. पानदान वर्षभर खपले नाही. मामी रोज बोलायच्या.

गिऱ्हाईकाशी घासाघीस होते, तेव्हा दोघेही सावध असतात. पण विकायला आलेल्याला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नसते, तेव्हा आपण जी किंमत सांगतो, ती वस्तूची नसते. ती आपली असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)