पुट्टी लावलेला गॉगल

शनिवारी ड्रिल, करवत घेऊन बाल्कनीत खाटखुट करणाऱ्यांना हा माणूस लगेच आपल्यातला वाटेल. गाय गिलपॅट्रिक. अमेरिकन लेखक, पहिल्या महायुद्धाच्या काळातला वैमानिक.

१९३० च्या सुमारास तो दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी राहायचा. पाण्याखालचे मासे नीट दिसेनात. मग पठ्ठ्याने आपला विमान चालवतानाचा जुना गॉगल काढला, हवेची भोकं पुट्टीने बुजवली, वरून रंग फासला. झालं! भाला घेऊन स्वारी समुद्रात. १९३८ मध्ये त्याने यावर 'द कम्प्लीट गॉगलर' हे पुस्तकही लिहिलं.

पण या जुगाडात एक बग होता. १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. गॉगलमधली हवा आकसते आणि गॉगल डोळ्यांवर आवळला जातो. नाक बाहेर, म्हणजे आत हवा सोडायची सोयच नाही. पुढे नाकही झाकणारा एका काचेचा मास्क आला, तेव्हा हा प्रश्न सुटला. नाकातून जराशी हवा सोडायची, बस्स.

१९३७ मध्ये व्हिएन्नाचा अठरा वर्षांचा हान्स हास तिथे सुट्टीला आला. गिलपॅट्रिकला मासे मारताना पाहून त्यानेही भाला उचलला. लवकरच कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटीही त्याने स्वतःच बनवली! १९३९ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावात हार्पून आणि कॅमेरा दोन्ही आहेत. पुढे जगाने त्याला ओळखलं ते मात्र कॅमेऱ्यामुळे.

मारण्यासाठी केलेल्या खटपटीतून माणूस समुद्र बघायला शिकला. असो. माझं ड्रिल वाट बघतंय...